मराठवाड्यातील कंपनीच्या वित्त विभागातून प्रायव्हेट इक्विटीकडे : नवख्यांसाठी मार्गदर्शक

वाळूज किंवा शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतील कारखान्यात, जालन्याच्या पोलाद किंवा बियाणे उद्योगात, लातूरच्या सोयाबीन प्रक्रिया कंपनीत वित्त विभाग सांभाळणारे अनेक सनदी लेखापाल आणि एमबीए पदवीधर पाच-सात वर्षांच्या नोकरीनंतर प्रायव्हेट इक्विटीकडे वळण्याचा विचार करू लागतात. या क्षेत्रात प्रवेश कसा करावा याविषयी जे सल्ले मिळतात, ते बहुतेक मुंबईतील इन्व्हेस्टमेंट बँकेत काम करणाऱ्या माणसाला समोर ठेवून दिलेले असतात. कारखान्याच्या आवारात बसून कॅश क्रेडिट (बँकेचे खेळत्या भांडवलासाठीचे कर्ज), स्टॉक स्टेटमेंट आणि वैधानिक लेखापरीक्षण सांभाळणाऱ्या माणसाला त्यांचा फारसा उपयोग होत नाही, कारण त्याचे बलस्थान वेगळे आहे आणि त्याची उणीवही वेगळी आहे. प्रवर्तकाच्या कंपनीत पैसा प्रत्यक्षात कोठे अडतो आणि कोठून सुटतो, हे त्याला माहीत असते आणि ही माहिती गुंतवणूकदारासाठी अतिशय मोलाची आहे. मात्र त्याच आकड्यांकडे मालकाच्या नजरेने पाहण्याची सवय त्याला नसते. हा लेख त्या सवयीविषयी आणि ती लागल्यावर कोणत्या दाराने आत जावे याविषयी आहे.

व्यवसायाची मांडणी आधी समजून घ्यावी

प्रायव्हेट इक्विटी निधी मोठ्या गुंतवणूकदारांकडून ठरावीक मुदतीसाठी पैसे घेतो, ते बहुतांशी असूचीबद्ध कंपन्यांच्या भागभांडवलात गुंतवतो, साधारण चार ते सहा वर्षे कंपनीबरोबर काम करतो आणि आपला हिस्सा विकून पैसे परत करतो. भारतात हे निधी सेबीच्या २०१२ च्या पर्यायी गुंतवणूक निधी नियमावलीखाली नोंदले जातात आणि प्रायव्हेट इक्विटी निधी बहुधा दुसऱ्या श्रेणीत मोडतात. अशा योजनेत गुंतवणूकदाराला सर्वसाधारणपणे किमान १ कोटी रुपये गुंतवावे लागतात, योजनेचा किमान निधी २० कोटी रुपयांचा असावा लागतो आणि दुसऱ्या श्रेणीतील निधीला एका कंपनीत गुंतवणूकयोग्य रकमेच्या २५ टक्क्यांपेक्षा जास्त पैसे घालता येत नाहीत. योजना मुदतबंद असते आणि तिची मुदत किमान तीन वर्षांची असावी लागते. प्रत्यक्षात ती सात ते दहा वर्षांची ठेवली जाते.

निधीच्या व्यवस्थापकाला दरवर्षी व्यवस्थापन शुल्क मिळते, ते रूढ पद्धतीने २ टक्क्यांच्या आसपास असते. त्याशिवाय गुंतवणूकदारांना ठरलेला किमान परतावा दिल्यानंतर उरलेल्या नफ्याचा साधारण २० टक्के वाटा त्याला मिळतो. या वाट्याला ‘कॅरी’ म्हणतात. या क्षेत्रातील प्रत्येक निर्णयाला मुदतीचे भान का असते, हे या मांडणीवरून कळते. पाचव्या वर्षी दुप्पट झालेले पैसे आणि आठव्या वर्षी दुप्पट झालेले पैसे, यांत निधीच्या दृष्टीने फार मोठे अंतर आहे.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात ठेवावी. अमेरिकी पाठ्यपुस्तकांत ज्या मोठ्या कर्जावर आधारित कंपनीखरेदीचे वर्णन असते, ती पद्धत भारतात दीर्घकाळ मर्यादित राहिली, कारण समभाग विकत घेण्यासाठी कर्ज देण्यावर रिझर्व्ह बँकेने बँकांना कडक निर्बंध घातले होते. कंपनी ताब्यात घेण्यासाठी बँकांनी कर्ज देण्याची वाट मोकळी करण्याचा प्रस्ताव रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२५ मध्ये मांडला. आजवरचे बरेचसे भारतीय व्यवहार मात्र अल्पांश हिश्श्याचे राहिले आहेत. प्रवर्तक खुर्चीवर कायम असतो आणि निधी संचालक मंडळात एखादी जागा घेऊन त्याच्याबरोबर काम करतो. अलीकडे संपूर्ण ताबा घेण्याचे व्यवहार वाढले आहेत, तरीही प्रवर्तकाचे मन ओळखणे हे या कामाचे मोठे अंग आहे, आणि मराठवाड्यातील कौटुंबिक कंपन्यांत काम केलेल्या माणसाला त्याची ओळख नव्याने करून द्यावी लागत नाही.

आपल्याच गावातील दोन व्यवहार अभ्यासावेत

अभ्यासासाठी लांब जाण्याची गरज नाही. वाळूज येथे नोंदणीकृत कार्यालय असलेल्या एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीजमध्ये ॲक्टिस या गुंतवणूक संस्थेचा हिस्सा होता. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीची प्रारंभिक समभाग विक्री झाली, ती संपूर्णपणे जुन्या भागधारकांच्या हिश्श्याची होती. ॲक्टिस आणि प्रवर्तक अनुरंग जैन यांनी प्रति समभाग ४७२ रुपये दराने हिस्सा विकला आणि त्या विक्रीतून कंपनीच्या खात्यात नवे भांडवल आले नाही. वाळूजच्याच व्हॅरॉक इंजिनिअरिंगची प्रारंभिक समभाग विक्री २०१८ मध्ये ९६७ रुपये दराने झाली. तीही जुन्या भागधारकांचीच होती आणि विकणाऱ्यांत प्रवर्तकांबरोबर टाटा कॅपिटलशी संबंधित गुंतवणूकदार होते. त्यानंतरच्या काही वर्षांत व्हॅरॉकचा समभाग विक्रीच्या किमतीपेक्षा बराच खाली गेला, आणि २०२२ मध्ये कंपनीने युरोप व अमेरिकेतील चारचाकी वाहनांच्या दिव्यांचा व्यवसाय विकून टाकला.

हे दोन व्यवहार शेजारी ठेवून अभ्यासले, तर एकाच शहरातील, एकाच उद्योगातील आणि दुचाकी उद्योगाच्या वाढीवर मोठ्या झालेल्या दोन कंपन्यांत गुंतवणूकदाराने प्रवेश कधी केला, कोणत्या किमतीला केला आणि बाहेर पडताना बाजाराची स्थिती काय होती, हे प्रश्न आपोआप पडू लागतात. त्यांची बरीचशी उत्तरे सार्वजनिक कागदपत्रांत मिळतात. ती कोठे शोधावीत, हे पुढे सांगितले आहे.

दार कोणते ते ठरवावे

गुंतवणूक चमूत थेट प्रवेश मिळणे कठीण असते, हे स्पष्टपणे सांगणे योग्य आहे. हे चमू लहान असतात आणि त्यांत इन्व्हेस्टमेंट बँका, सल्लागार संस्था व निवडक व्यवस्थापन संस्थांतून आलेली माणसे आधीपासून रांगेत असतात. म्हणून एकदम उडी मारण्यापेक्षा मधला टप्पा घ्यावा, असे माझे मत आहे. त्यासाठी काही मार्ग आहेत.

ज्यांचा अनुभव तीन ते सहा वर्षांचा आहे, त्यांच्यासाठी मोठ्या लेखापरीक्षण संस्थांतील व्यवहार सल्ला विभाग हा मला सर्वांत भरवशाचा मार्ग वाटतो. तेथे आर्थिक ड्यू डिलिजन्सचे काम चालते, म्हणजे खरेदीदाराच्या वतीने दुसऱ्या कंपनीचे हिशेब उलटसुलट तपासले जातात. दोन-तीन वर्षांत वेगवेगळ्या उद्योगांतील अनेक कंपन्यांचे आकडे आतून पाहायला मिळतात आणि निधीतील माणसांशी रोजचा संबंध येतो. ज्याने कारखान्याचा ताळेबंद स्वतः बंद केला आहे, त्याला तपासणीत कोणते प्रश्न विचारायचे ते लवकर सुचते, आणि अशा उमेदवारांना तेथे मान असतो.

ज्यांचा अनुभव बारा-पंधरा वर्षांचा आहे, त्यांनी गुंतवणूक चमूत कनिष्ठ पदावर जाण्याचा हट्ट धरू नये. त्यांच्यासाठी निधीने ज्या कंपनीत गुंतवणूक केली आहे, तेथील मुख्य वित्त अधिकारी किंवा वित्त नियंत्रक हे पद अधिक योग्य ठरते. निधीला मासिक अहवाल वेळेवर देणारा, प्रवर्तकाला न दुखावता शिस्त आणणारा आणि पुढे समभाग विक्रीच्या वेळी कागदपत्रे उभी करू शकणारा माणूस हवा असतो. असा माणूस मिळणे सोपे नसते. तेथे चांगले काम झाले, तर तोच निधी पुढच्या कंपनीसाठी त्याला बोलावतो किंवा आपल्या मूल्यवर्धन चमूत, म्हणजे गुंतवणूक केलेल्या कंपन्यांचा कारभार सुधारणाऱ्या गटात, घेतो.

निधीचे स्वतःचे हिशेब आणि सेबीचे अनुपालन सांभाळण्याचे काम हा तिसरा मार्ग आहे. तो सुरक्षित आहे, पण तेथून गुंतवणुकीच्या कामाकडे वळणे सहसा जमत नाही, हे ध्यानात ठेवूनच तो स्वीकारावा. खासगी कर्ज देणारे निधीही अलीकडे वाढत आहेत. कन्सोर्टियमच्या, म्हणजे एकत्र कर्ज देणाऱ्या बँकांच्या गटाच्या, बैठका केलेल्यांना ते काम लवकर साधते. लहान व मध्यम उद्योगांत भांडवल घालणाऱ्या निधींकडेही लक्ष ठेवावे. केंद्र सरकारच्या आत्मनिर्भर भारत निधीतून अशा निधींना पैसा पुरवला जातो आणि मराठवाड्यातील कंपन्यांचा आकार त्यांच्या आवाक्यातला असतो.

बँकेची नजर सोडून मालकाची नजर धरावी

कंपनीच्या वित्त विभागातील माणसाने वर्षानुवर्षे बँकेसाठी सीएमए डेटा, म्हणजे कर्जमागणीबरोबर द्यायचे आर्थिक आकडे व अंदाज, भरलेला असतो. बँकेचा प्रश्न एकच असतो, तो म्हणजे हप्ता वेळेवर येईल का आणि न आल्यास तारण पुरेसे आहे का. कंपनी तिप्पट वाढली तरी बँकेला व्याजाखेरीज काही मिळत नाही, म्हणून तिला वाढीचे कौतुक मर्यादितच असते. मालकाचा प्रश्न वेगळा असतो. आज घातलेल्या पैशाचे पाच वर्षांनी किती होतील, ते कशामुळे होतील आणि त्या वेळी आपला हिस्सा विकत घेणारा कोण असेल, हे त्याला कळायला हवे असते. ही दुसरी नजर आकड्यांवर कशी चालते, ते एका कल्पित उदाहरणावरून पाहू.

समजा, वाळूजमधील वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीची विक्री ४०० कोटी रुपये आहे आणि एबिटडा, म्हणजे व्याज, कर, घसारा व निर्लेखन यांपूर्वीचा नफा, ४० कोटी रुपये आहे. एबिटडाच्या आठपट धरून कंपनीचे मूल्य ३२० कोटी रुपये ठरले. निव्वळ कर्ज, म्हणजे रोकड वजा जाता उरलेले कर्ज, ६० कोटी असल्याने भागभांडवलाचे मूल्य २६० कोटी झाले. पाच वर्षांनी एबिटडा ७० कोटींवर गेला, पट आठच राहिली आणि निव्वळ कर्ज २० कोटींवर आले, तर कंपनीचे मूल्य ५६० कोटी आणि भागभांडवलाचे मूल्य ५४० कोटी होते. म्हणजे पैसे २.०८ पट झाले आणि वार्षिक परतावा सुमारे १५.७ टक्के पडला. हीच रक्कम चार वर्षांत मिळाली असती, तर परतावा २० टक्क्यांवर गेला असता. पाच वर्षांनी बाजार पडलेला असल्यामुळे आठऐवजी सातच पट मिळाली, तर भागभांडवल ४७० कोटींचे राहते आणि परतावा साडेबारा टक्क्यांच्या आसपास घसरतो.

आता २८० कोटींची ही वाढ कशातून झाली ते वेगळे करावे. एबिटडा ३० कोटींनी वाढला आणि पट आठ होती, म्हणून त्यातून २४० कोटी आले. कर्ज फेडल्यामुळे ४० कोटी आले. पट न बदलल्याने तिचा वाटा शून्य राहिला. वाढीची अशी विभागणी करता येणे, हा मुलाखतीतील नेहमीचा प्रश्न आहे. आणि येथेच वित्त विभागातील अनुभवाला वाव मिळतो. त्याच कंपनीची येणी ९० दिवसांवरून ६० दिवसांवर आणली, तर ४०० कोटींच्या विक्रीवर सुमारे ३३ कोटी रुपये मोकळे होतात. कर्जफेडीतून मिळणाऱ्या संपूर्ण मूल्यवाढीच्या जवळ जाणारी ही रक्कम एकही नवे यंत्र न बसवता हाती येते. येणी प्रत्यक्षात कशी वसूल होतात, खरेदीदार कंपनीच्या देयक विभागात बिल कोणत्या टप्प्यावर अडते, नापास मालाच्या डेबिट नोटांचा वाद कसा मिटतो, हे ज्याने केले आहे, त्याचे म्हणणे वजनदार ठरते.

ही गणिते एक्सेलमध्ये स्वतः कोऱ्या पानापासून बांधावीत. तयार साचा उतरवून त्यात आकडे भरल्याने काहीही साध्य होत नाही. नफा-तोटा पत्रक, ताळेबंद आणि रोकड प्रवाह एकमेकांशी जोडलेले असावेत, कर्जाचे वेळापत्रक महिनावार असावे आणि ताळेबंद जुळला नाही तर चूक कोठे आहे ते शोधण्याची क्षमता असावी. त्यानंतर कागदावर, यंत्राविना, पाच मिनिटांत वरीलसारखे उदाहरण सोडवण्याचा सराव करावा.

नफ्याची गुणवत्ता तपासायला शिकावे

या लेखातील कोणत्याही एका गोष्टीवर सर्वाधिक वेळ द्यायचा असेल, तर तो या गोष्टीवर द्यावा. खरेदीदार ताळेबंदातील नफ्यावर किंमत ठरवत नाही. पुढेही टिकेल असा नफा किती, यावर तो किंमत ठरवतो. मराठवाड्यातील कंपन्यांत हा फरक बराच मोठा असू शकतो आणि त्याची कारणे स्थानिक आहेत.

राज्य सरकारच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेखाली मागास भागांतील उद्योगांना राज्य वस्तू व सेवा कराशी निगडित अनुदान मिळते. ते पात्रता प्रमाणपत्रातील मुदतीपुरतेच असते आणि त्याची मंजुरी व प्रत्यक्ष रक्कम यांत बराच काळ जाऊ शकतो. विदर्भ-मराठवाड्यातील उद्योगांना वीजदरातही सवलत दिली गेली आहे, आणि इंडक्शन भट्टी चालवणाऱ्या जालन्याच्या पोलाद कारखान्याच्या नफ्यात तिचा वाटा लक्षणीय असतो. वरील उदाहरणातील कंपनीच्या ४० कोटींच्या एबिटडात ६ कोटी रुपये असे अनुदान असेल आणि त्याची मुदत दोन वर्षांत संपणार असेल, तर ते वजा करावे लागेल. कुटुंबातील दोन संचालक बाजारभावापेक्षा कमी पगार घेत असतील आणि त्यांच्या जागी व्यावसायिक नेमायला दीड कोटी जादा लागणार असतील, तर तेही वजा होतील. कारखान्याची एखादी शेड कुटुंबाच्या मालकीची असून नाममात्र भाड्याने दिलेली असेल आणि बाजारभावाने भाडे ५० लाखांनी वाढणार असेल, तर तेही. मग खरा एबिटडा ३२ कोटी उरतो आणि आठपटीच्या हिशेबाने कंपनीच्या किमतीत ६४ कोटींचा फरक पडतो. उलट दिशेचेही समायोजन असते. एकदाच झालेले आगीचे नुकसान किंवा कुटुंबाचा कंपनीच्या खात्यावर पडलेला खासगी खर्च हे नफ्यात परत मिळवले जातात. दोन्ही बाजू प्रामाणिकपणे मांडणाऱ्याच्या अहवालावर विश्वास बसतो. भाडेपट्ट्यांविषयीचे इंड एएस ११६ हे लेखामानक लागू असल्यास भाडेखर्च एबिटडाच्या खाली जातो, म्हणून भाडेपट्ट्याची देणी कर्जात धरली आहेत की नाहीत हेही पाहावे लागते.

निव्वळ कर्जाविषयी याहून अधिक सावध राहावे. ३१ मार्चचा ताळेबंद हा त्या एका दिवसाचा असतो. त्या आठवड्यात येणी जोर लावून वसूल केली जातात, पुरवठादारांची देणी एप्रिलवर ढकलली जातात आणि कॅश क्रेडिट खाते तात्पुरते हलके दिसते. हे वित्त विभागातील प्रत्येकाला माहीत असते, पण मूल्यांकनात त्याचा उपयोग कसा करायचा, हे फार थोड्यांना सुचते. बारापैकी प्रत्येक महिन्याच्या अखेरीचे खेळते भांडवल घेऊन त्याची सरासरी काढावी आणि किंमत त्या सरासरीवर ठरवावी. शेतीशी जोडलेल्या उद्योगांत तर याला पर्याय नाही. लातूरच्या सोयाबीन प्रक्रिया कारखान्याची खरेदी हंगाम सुरू झाल्यावर ऑक्टोबरपासून वाढते आणि त्याच काळात कर्ज शिखरावर असते, मार्चचा आकडा पाहून त्याचा अंदाज येत नाही. जालन्याच्या बियाणे कंपनीच्या गोदामात मार्चअखेर माल भरलेला असतो आणि विक्रेत्यांकडून आलेल्या आगाऊ रकमाही जमा असतात. विक्री खरिपाच्या तोंडावर होते आणि न खपलेले बियाणे हंगामानंतर परत येते, त्यामुळे परत येणाऱ्या मालासाठीची तरतूद पुरेशी आहे का, हा प्रश्न विचारल्याखेरीज नफ्याचा आकडा स्वीकारू नये.

कर्जासारख्या इतर देण्यांची यादीही स्वतः करावी. हुंड्या वटवून उचललेली रक्कम, यंत्रपुरवठादारांची थकलेली बिले, ग्रॅच्युइटीची अपुरी तरतूद, जुन्या करविवादांतील संभाव्य देणी आणि ग्राहकाने साच्यांसाठी दिलेली आगाऊ रक्कम, या गोष्टी कर्जाच्या रकान्यात दिसत नाहीत, पण विकत घेणाऱ्याच्या खिशातूनच जातात.

उद्योगाचे परिमाणही योग्य निवडावे. पोलाद कारखान्याचा नफा टक्क्यांत पाहू नये, कारण भंगाराचा भाव दुप्पट झाला की टक्केवारी आपोआप घसरते. तेथे विक्रीभाव आणि कच्च्या मालाचा भाव यांतील प्रतिटन फरक पाहतात. वाहनभाग कंपनीत कच्च्या मालाची दरवाढ ग्राहकाकडून भरून मिळते, पण ती एका तिमाहीच्या अंतराने मिळू शकते, त्यामुळे एकाच तिमाहीवरून निष्कर्ष काढू नये. आणि विक्रीपैकी मोठा भाग एकाच वाहन कंपनीकडे जात असेल, तर ती जोखीम अहवालाच्या पहिल्या पानावर यायला हवी.

करारातील कलमे वाचता आली पाहिजेत

वकील होण्याची गरज नाही, पण भागधारक करार समजायला हवा. अल्पांश गुंतवणूकदाराची ताकद त्याच्या टक्केवारीपेक्षा या करारात जास्त असते. कोणत्या निर्णयांना निधीची पूर्वसंमती लागेल, प्रवर्तकाने हिस्सा विकल्यास निधीला त्याच भावाने विकता येईल का, ठरलेल्या मुदतीत समभाग विक्री न झाल्यास काय होईल आणि निधी सर्व भागधारकांना विक्रीस भाग पाडू शकतो का, ही कलमे मुखोद्गत असावीत. परदेशी गुंतवणूकदार बहुधा सक्तीने समभागांत रूपांतरित होणारे प्राधान्य भाग घेतात, कारण रूपांतर ऐच्छिक असल्यास परकीय चलन नियमांखाली ते कर्ज मानले जाते. त्याच नियमांमुळे परदेशी निधीला बाहेर पडताना ठरावीक परताव्याची हमी घेता येत नाही.

एक गुंतवणूक टिपण लिहावे

अर्ज पाठवण्याआधी आपल्या उद्योगातील एका कंपनीवर आठ-दहा पानांचे गुंतवणूक टिपण तयार ठेवावे. माझ्या दृष्टीने कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा याचे मोल अधिक आहे. गुंतवणूक विश्लेषणाची सीएफए परीक्षा दिली तर चांगलेच, आणि सेबीच्या नियमांमुळे निधी व्यवस्थापनातील माणसांसाठी असलेली एनआयएसएम या सेबीच्या प्रशिक्षण संस्थेची पर्यायी गुंतवणूक निधीविषयक परीक्षा देऊन ठेवणेही सोयीचे आहे. पण तुम्ही विचार कसा करता, हे टिपणातूनच दिसते.

साहित्य सार्वजनिक असते. सेबीच्या संकेतस्थळावर समभाग विक्रीचे मसुदा प्रस्ताव मिळतात. त्यांतील भांडवल रचनेच्या प्रकरणात कोणत्या वर्षी कोणाला किती भावाने समभाग दिले, याची नोंद असते, म्हणजे निधीचा प्रवेश आणि त्याचा खर्च तेथून काढता येतो. कंपनीच्या इतिहासाच्या प्रकरणात भागधारक कराराचा सारांश असतो. संबंधित पक्षांशी झालेले व्यवहार आणि प्रलंबित दावे यांची प्रकरणे शेवटच्या ओळीपर्यंत वाचावीत. असूचीबद्ध कंपनीसाठी कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर थोडे शुल्क भरून वार्षिक हिशेब पाहता येतात आणि कोणत्या बँकेचा किती बोजा नोंदलेला आहे तेही कळते.

टिपणात व्यवसायाचे वर्णन आटोपशीर ठेवावे आणि नफ्याची गुणवत्ता, किंमत, अटी, बाहेर पडण्याचा मार्ग व खरेदीदार कोण असू शकेल, यांवर भर द्यावा. कोणती गोष्ट आढळल्यास आपण हा व्यवहार सोडून देऊ, हे एका परिच्छेदात ठामपणे लिहावे. सध्याच्या किंवा पूर्वीच्या नोकरीतील गोपनीय आकडा त्यात कोठेही येता कामा नये. ज्या क्षेत्रात सारे काम विश्वासावर चालते, तेथे उमेदवाराने आपल्या मालकाची माहिती बाहेर आणलेली दिसली, तर विचार तेथेच संपतो.

माणसे आणि मुलाखत

सेबीकडे नोंदलेल्या निधींची यादी सार्वजनिक आहे. त्यातून उत्पादन, ग्राहकोपयोगी वस्तू किंवा कृषिप्रक्रिया यांत गुंतवणूक करणारे आणि मध्यम आकाराचे व्यवहार करणारे निधी निवडावेत. ओळखीसाठी सुरुवात आपल्या शहरातूनच करावी. छत्रपती संभाजीनगरातील सीएमआयए आणि मसिआ या उद्योजक संघटनांच्या कार्यक्रमांत, तसेच सनदी लेखापाल संस्थेच्या स्थानिक शाखेत भांडवल उभारणीवर बोलायला येणारी माणसे भेटतात. ज्या कंपन्यांनी आधी निधीचे पैसे घेतले आहेत, त्यांच्या वित्त अधिकाऱ्यांशी बोलावे, कारण व्यवहारानंतर रोजच्या कामात काय बदलते हे तेच सांगू शकतात. कोणालाही पहिल्या भेटीत नोकरी मागू नये, आपले टिपण दाखवून त्यावर मत मागावे. लोक त्यासाठी वेळ देतात.

अर्जात कामांची यादी न देता परिणाम लिहावा. ‘मासिक अहवाल तयार केले’ या वाक्यातून काहीच कळत नाही. येणी किती दिवसांनी घटवली, व्याजदर किती उतरवला, कोणता तोट्यातील भाग बंद करण्याची शिफारस केली आणि ती मान्य झाली का, हे लिहावे. मुलाखतीत कागदावरचे गणित, एखाद्या कंपनीचा अभ्यास आणि ‘आमच्यासाठी कोणती कंपनी विकत घ्याल?’ हा प्रश्न बहुधा येतोच. या शेवटच्या प्रश्नावर प्रसिद्ध सूचीबद्ध कंपनीचे नाव सांगण्याऐवजी आपल्या भागातील उद्योगाचा एखादा विभाग मांडावा, उदाहरणार्थ ॲल्युमिनियम ओतकाम, बियाणे प्रक्रिया किंवा डाळ उद्योग, आणि त्यातील लहान कंपन्या एकत्र आणल्यास खर्च कोठे वाचेल हे सांगावे. संभाषण इंग्रजीत होईल. त्याची भीती बाळगू नये, पण आपल्या टिपणाचा सारांश तीन मिनिटांत इंग्रजीत मांडण्याचा सराव आवर्जून करावा.

देकार स्वीकारण्यापूर्वी

काम बहुधा मुंबईत असते. घरभाडे धरून हिशेब केला, तर मधल्या टप्प्याच्या नोकरीत हातात उरणारी रक्कम सुरुवातीला आजच्यापेक्षा कमीही असू शकते. कुटुंबाशी हे आधी बोलावे. सूचना कालावधी तीन महिन्यांचा असेल, तर मार्चअखेरचे हिशेब आणि लेखापरीक्षण पूर्ण करून बाहेर पडणे सभ्यपणाचेही आहे आणि हिताचेही, कारण पुढील निधी तुमच्या जुन्या मालकाकडे चौकशी करणारच.

देकार हाती आल्यावर निधीचे वय विचारावे. निधीची उभारणी पूर्ण झाल्यापासून साधारण पहिली चार-पाच वर्षे नव्या गुंतवणुकीची असतात आणि नंतरची वर्षे विक्रीची. ज्याची गुंतवणुकीची मुदत सरत आली आहे आणि पुढील निधीची उभारणी अजून सुरू झालेली नाही, तेथे विक्रीची प्रक्रिया जवळून पाहता येते, पण नवे व्यवहार शिकण्याची संधी थोडी मिळते. आधीच्या निधीतून गुंतवणूकदारांना प्रत्यक्ष किती रोख परत मिळाली, हेही विचारावे. कागदावरचे मूल्यांकन वेगळे आणि परत आलेला पैसा वेगळा. कॅरीचे आश्वासन मिळत असेल, तर ते कोणत्या निधीतील आहे, किती वर्षांत हक्काचे होते आणि नोकरी सोडल्यास त्याचे काय होते, हे नेमणूकपत्रात किंवा स्वतंत्र पत्रात लिहून घ्यावे. कनिष्ठ पदांवर कॅरी बहुधा मिळत नाही आणि मिळाली तरी हातात यायला अनेक वर्षे लागतात, म्हणून निर्णय ठरलेल्या पगारावर आणि पहिल्या दोन वर्षांत किती व्यवहारांवर काम करायला मिळेल यावर घ्यावा.